दासगांवच्या निवांत वाटा व सायकलचा प्रवास

प्रवासाचे सामान्यतः दोन हेतु असतात. एक, जेथें आपलें काम आहे तेथें लवकर जाऊन पोंचणें. आणि दुसरा, मधला मुलूख पाहणें. आगगाडी व मोटार हीं पहिल्या हेतूचीं साधनें होत. त्यांत बसलेल्या माणसास मधला मुलूख हा केवळ अडथळा वाटतो, आणि तो जितका लवकर मागें पडेल तितकें बरें असें त्यास होऊन जातें. पायीं चालणारास मुलूख दिसतो खरा. परंतु दिवसाकाठीं वीस-पंचवीस किलोमीटरांपलीकडे त्याची मजल सहसा जात नाहीं. या दोहोंच्या मधोमध सायकल उभी आहे. डोंगराळ भागांत ती ताशीं दहा-बारा किलोमीटर चालते; म्हणजे पादचाऱ्याच्या दुप्पट गतीनें, पण वाटेवरच्या माणसास नमस्कार करतां यावा, बांधावरचें झाड ओळखतां यावें आणि ओढ्याचा आवाज कानीं पडावा इतक्या सावकाश.

विद्यार्थिमित्रांनो, महाड-पोलादपूरच्या मुलुखांत, विशेषतः दासगांवच्या आसपास, वाहनांची वर्दळ नसलेल्या वाटांनीं सायकलवरून कसें हिंडावें, तीं चढणें-उतरणें यंत्राच्या व शरीराच्या दृष्टीनें कसें घडतें, आणि हिंडतांना काय पाहावें, हें थोडक्यांत सांगण्याचा या लेखाचा उद्देश आहे. विषय मौजेचा आहे. पण केवळ मौजेचा नाहीं. ज्या डोंगरांच्या कुशींत ही वस्ती आहे ते डोंगर वाचतां येणें ही येथें जिवाशीं निगडित असलेली विद्या आहे, हें पुढें दिसून येईल.

सायकल हें साधन तसें फार जुनें नाहीं. दोन सारख्या चाकांची व मागच्या चाकास चेननें गति देणारी ‘सेफ्टी’ सायकल इंग्लंडांत जॉन केम्प स्टार्ले यानें १८८५ सालीं बाजारांत आणली. १८८८ सालीं जॉन बॉइड डनलॉप यानें सायकलसाठीं हवा भरलेल्या रबरी टायरचें पेटंट घेतलें. या दोन गोष्टींनीं सायकल सामान्य माणसाच्या आटोक्यांत आली. सायकलवरून देशाटन करणाऱ्यांचा संघ मात्र इंग्लंडांत त्यापूर्वींच, १८७८ सालीं, निघाला होता. आपल्याकडेहि हा उत्साह लवकरच पोंचला. १९२३ सालीं मुंबईचे सहा पारशी तरुण सायकलींवरून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले, आणि त्यांपैकीं तिघे ती पुरी करून १९२८ सालीं परत आले. वाळवंटें व पर्वत ओलांडून गेलेल्या त्या सायकलींपेक्षां आज आपल्या गांवच्या दुकानांत मिळणारी सायकल कांहीं कमी प्रतीची नाहीं.

आतां प्रश्न असा कीं, आजच्या दिवसांत वर्दळ नसलेला रस्ता मिळावयाचा कोठें? याचें उत्तर इतिहासांत आहे. निवांत रस्ता कोणी मुद्दाम बांधीत नाहीं. वाहतुकीस अधिक सोयीचा मार्ग सांपडला म्हणजे ती जुना मार्ग सोडून जाते. मागें जें उरतें तो निवांत रस्ता. कांहीं वाटा अशा असतात कीं त्यांच्या टोंकास मोठें गांव नसल्यामुळें वर्दळ त्यांच्याकडे कधीं वळतच नाहीं. या दोन्ही प्रकारांचीं उदाहरणें दासगांवच्या पंचक्रोशींत व तिच्या थोड्या पलीकडे पाहावयास मिळतात.

दासगांव हें महाडच्या खालच्या अंगास, सावित्री नदीच्या उजव्या तीरावर, आठ-नऊ किलोमीटरांवर वसलेलें आहे. सावित्री महाबळेश्वरावर उगम पावते, पोलादपूर व महाड यांवरून वाहत येते आणि बाणकोट व हरिहरेश्वर यांच्यामधून समुद्रास मिळते. समुद्राच्या भरतीचें पाणी खाडींतून थेट या भागापर्यंत वर चढतें. त्या पाण्याच्या जोरावर गलबतें व मचवे दासगांवच्या बंदरास लागत, आणि तेथून माल घाटमाथ्याकडे जाई. म्हणजे त्या काळीं या मुलुखाचा हमरस्ता जमिनीवर नव्हता, पाण्यावर होता. महाडनजीक गांधारपाले येथील आणि नदीपलीकडे कोल येथील बौद्ध लेणीं याच जलमार्गाच्या कडेला खोदलेलीं आहेत. १७७१ सालीं ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरींत असलेला जेम्स फोर्ब्स हा दासगांवीं येऊन राहिला होता, आणि या भागांतील ऊन पाण्याच्या झऱ्यांची हकीकत त्यानें पुढें आपल्या ग्रंथांत दिली आहे.

या बंदराच्या इतिहासांतील सर्वांत स्मरणीय दिवस म्हणजे २५ डिसेंबर १९२७. चवदार तळ्याचें पाणी सर्वांस सारखें खुलें असावें यासाठीं त्याच वर्षीं २० मार्च रोजीं महाडांत सत्याग्रह झाला होता. त्या लढ्याच्या दुसऱ्या परिषदेसाठीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांचे सहकारी मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीनें निघाले, वाटेंत दुसरी बोट घेऊन खाडींतून वर आले आणि दासगांवच्या बंदरावर उतरले. तेथून महाडपर्यंतचें अंतर सत्याग्रही मंडळी पायीं चालून गेली. या बंदरावरून महाडकडे जातांना विद्यार्थ्यानें हें एकदां मनांत आणावें. वाट तीच असली तरी ती कोण, कशासाठीं चालून गेलें यावरून तिचा अर्थ ठरतो.

पुढें मोटारींचे दिवस आले. मुंबई-गोवा महामार्गाची वाहतूक दासगांवच्या खिंडींतून सुरू झाली, खाडींतील गलबतें कमी होत गेलीं आणि बंदर शांत झालें. १९९३ सालीं कोंकण रेल्वेचा रोहें ते वीर हा टप्पा सुरू झाला. वीर स्थानक दासगांवच्या जवळच आहे. अगदीं अलीकडे पोलादपूरच्या दक्षिणेस कशेडी घाटाच्या पोटांतून जुळे बोगदे काढण्यांत आले. २०२४ सालापासून वाहतुकीचा मोठा ओघ त्या बोगद्यांतून जाऊं लागला आहे, आणि जुन्या घाटाचीं वळणें, जेथें पूर्वीं मालमोटारींची रांग लागे, तीं ओस पडूं लागलीं आहेत. अशा रीतीनें रस्त्यानें खाडी निवांत केली आणि बोगद्यानें घाट निवांत केला. वर्दळ जें टाकून जाते तें सायकलस्वाराच्या वांट्यास येतें.

यावरून एक गोष्ट स्पष्टच होते कीं, दासगांवांतून जाणारा रुंद महामार्ग हा सायकलच्या सहलीसाठीं नव्हे. त्यावरून जावें लागलेंच तर तेवढ्यापुरतें, डाव्या कडेनें, एकामागें एक असें जावें आणि पहिला फांटा मिळतांच तो सोडावा. आतां त्या फांट्यांविषयीं पाहूं.

पहिली वाट सावित्रीच्या दोन्ही तीरांची. महाडांत दादलीच्या पुलावरून नदी ओलांडली म्हणजे सव गांव लागतें. वर सांगितलेले ऊन पाण्याचे झरे येथें आहेत. पुढें रावढळवरून म्हाप्रळकडे जातां येतें. म्हाप्रळ व आंबेत यांच्यामधील पुलावरून पुन्हां उजव्या तीरावर यावें, आणि टोळवरून दासगांवास परतावें. टोळच्या फांट्यापासून पुढें थोडें अंतर महामार्गाचें आहे. आंबेतच्या पुलावरील वाहतूक मध्यंतरीं दुरुस्तीसाठीं बंद ठेवावी लागली होती. यास्तव निघण्यापूर्वीं चौकशी करणें इष्ट. या वाटेवर मोठे घाट नाहींत, परंतु चढ-उतार सारखे आहेत. आणि एका टेकाडावरून खाडीचें रुंद पात्र दिसावें तोंच दुसऱ्या उतारावर तें झाडींत दिसेनासें व्हावें, अशी ही लपंडावाची वाट आहे. सकाळीं पाहिलेला चिखलाचा पट्टा परततांना पाण्याखालीं गेलेला असतो. भरती-ओहोटीचा जो धडा वर्गांत पाठ होत नाहीं तो येथें एका दिवसांत पाठ होतो.

दुसरी वाट पोलादपूरची. तेथून महाबळेश्वराच्या रस्त्यानें कांहीं अंतर जाऊन आंत वळलें म्हणजे उमरठ गांवीं जातां येतें. १६७० सालीं कोंढाण्यावर पडलेल्या तानाजी मालुसऱ्यांची समाधि येथें आहे. तिसरी वाट बिरवाडीवरून शिवथरच्या घळीकडे जाणारी. समर्थ रामदासांच्या वास्तव्यामुळें ती प्रसिद्ध आहे. बिरवाडीच्या बाजूस कारखान्यांची वसाहत असल्यामुळें मालमोटारींची ये-जा असते. ती मागें पडली म्हणजे रस्ता शांत होतो. नातें, कोंझर, पाचाड यांवरून रायगडाकडे जाणारा रस्ताहि सुंदर आहे, मात्र सुटीच्या दिवशीं व उत्सवाच्या वेळीं तेथें गर्दी उसळते. आडवारीं पहाटेस निघालें तरच त्या रस्त्याचें सुख. चौथी वाट कशेडीच्या जुन्या घाटाची. ती मुरलेल्या सायकलस्वारांसाठीं राखून ठेवावी.

वाट ठरवितांना केवळ अंतर पाहूं नये, उंची पाहावी. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० या प्रमाणाच्या नकाशांत समान उंचीच्या रेषा काढलेल्या असतात, आणि लगतच्या दोन रेषांमध्यें वीस मीटर उंचीचा फरक असतो. आपल्या रस्त्यानें चढावर अशा पांच रेषा ओलांडल्या कीं शंभर मीटर चढणें आलें. जेथें रेषा दाट तेथें चढ उभा, जेथें विरळ तेथें सौम्य. भूगोलाच्या तासाला कंटाळवाणी वाटणारी ही रेषा घाटांत मोठी बोलकी होते.

आतां चढण्याचें गणित पाहूं. स्वार, सायकल व सामान मिळून पंचाहत्तर किलो वजन आहे आणि रस्ता वीस मीटरांस एक मीटर चढतो असें धरूं. शंभर मीटर उंची गांठण्यास दोन किलोमीटर रस्ता लागेल, आणि वजन उचलण्याचें काम सुमारें त्र्याहत्तर हजार पांचशें जूल होईल. हें काम कोणासहि चुकत नाहीं. तें किती वेळांत करावयाचें एवढेंच आपल्या हातीं असतें. साध्या सायकलीच्या पुढच्या दांत्यांच्या चाकास ४४ व मागच्यास २० दांते असले, तर पेडलच्या एका फेऱ्यांत मागचें चाक दोन पूर्णांक दोन दशांश वेळां फिरतें, आणि सायकल जवळजवळ पावणेपांच मीटर पुढें जाते. सेकंदास एक फेरा घेतला तर वर सांगितलेल्या चढावर केवळ वर चढण्यासाठींच सुमारें १८० वॅट शक्ति लागते. निरोगी परंतु न सरावलेला माणूस तासभर टिकवूं शकतो ती शक्ति शंभर वॅटच्या आसपास असते. म्हणूनच साध्या सायकलीवरचा मुलगा घाटांत थोड्याच वेळांत धापा टाकूं लागतो.

हेंच, पुढें व मागें सारख्या दांत्यांचें गिअर घातलें तर एका फेऱ्यांत सायकल सव्वादोन मीटरांच्या आंतबाहेरच पुढें जाते, आणि त्याच लयीनें पाय चालविल्यास चढण्यासाठीं सुमारें ८० वॅट पुरतात. शंभर मीटर उंची गांठण्यास पंधरा मिनिटें लागतील, पण तीं पंधरा मिनिटें माणूस बोलत-पाहत चढूं शकेल. गिअर म्हणजे बळ देणारें यंत्र नव्हे; वेळ देऊन श्रम सौम्य करून घेण्याची ती सोय आहे. बदलत्या गिअरचा आग्रहानें पुरस्कार करणारा पॉल द व्हिव्ही हा फ्रेंच गृहस्थ, ज्याला सायकलस्वार ‘व्हेलोसिओ’ या टोपणनांवानें ओळखतात, तो सांगत असे कीं, भूक लागण्यापूर्वीं खावें, तहान लागण्यापूर्वीं प्यावें आणि थकण्यापूर्वीं थांबावें. डोंगरांत याहून चांगला नियम नाहीं. ज्याच्यापाशीं गिअरची सायकल नाहीं त्यानें मुळींच खट्टू होऊं नये. चढ उभा झाला कीं उतरावें आणि सायकल हातीं धरून चालावें. घाटांत सायकल ढकलण्यांत कमीपणा नाहीं. दम कोंडून घेण्यांत मात्र शहाणपण नाहीं.

चढतांना माणूस थकतो, पण अपघात होतो तो उतरतांना. सहाशें मीटर उंचीवरून आपण खालीं आलों, तर पंचाहत्तर किलो वजनाची जी ऊर्जा मोकळी होते तिनें जवळजवळ दीड लिटर पाणी उकळीस आणतां येईल. ही ऊर्जा जावयाची कोठें? कांहीं वाऱ्याला सारण्यांत खर्ची पडते. बाकीची ब्रेकचे रबर व चाकाची रिम यांच्या घर्षणानें उष्णता होऊन बाहेर पडते. ब्रेक सतत दाबून धरले तर रिम इतकी तापते कीं ट्यूब फुटण्याचा संभव असतो. यासाठीं ब्रेक थांबून थांबून दाबावे, पुढचा व मागचा दोन्ही वापरावे, आणि अंगाचा भार किंचित् मागें ठेवावा. वेग दुप्पट झाला कीं थांबण्यास लागणारें अंतर, ब्रेकचा जोर तोच असतां, चौपट होतें. म्हणून वेग कमी करावयाचा तो वळणाच्या आधीं, वळणावर नव्हे. वळणापलीकडे खडी असूं शकेल, ओला पाला असूं शकेल, गुरें बसलेलीं असूं शकतील. निवांत रस्त्याचा हाच एक धोका आहे कीं तो आपल्याला ‘पुढें कोणी नाहीं’ असें मनांत भरवितो.

तयारीविषयीं दोन शब्द. या सहलींचा योग्य काळ म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी. जून ते सप्टेंबर या महिन्यांत येथें पाऊस जो कोसळतो त्यांत घाटांत सायकल नेणें हें धाडस नव्हे, अविचार आहे. वरंधासारखा घाट तर दरडींच्या भीतीनें पावसाळ्यांत कित्येकदां बंदच ठेवावा लागतो. निघतांना ब्रेकचे रबर, चेन, टायरमधील हवा व चाकांचे नट तपासावे. एक जादा ट्यूब, पंक्चर काढण्याचें सामान, पंप, लहान पाना, शिटी, विजेरी आणि प्रत्येकीं दोन लिटर पाणी एवढें सर्वांजवळ असावें. डोक्यास हेल्मेट असलेंच पाहिजे. खाण्यास भाकरी, गूळ-शेंगदाणे, केळीं यांसारखें घरचें अन्न उत्तम. उजाडतां उजाडतां निघावें आणि उन्हें चढण्यापूर्वीं मोठा चढ मागें टाकावा. आगगाडीनें वीरपर्यंत यावयाचें असल्यास सायकल सामान म्हणून नेण्याविषयीं स्थानकावर आगाऊ चौकशी करावी.

आतां या लेखाच्या मुख्य भागाकडे वळूं. एवढे श्रम करून पाहावयाचें काय?

समाधि, लेणीं, झरे हें तर पाहावेंच. परंतु सर्वांत अगोदर डोंगर पाहावा. २००५ सालच्या जुलै महिन्याच्या २५ व २६ तारखांस या तालुक्यांत जो पाऊस झाला त्यांत दासगांव, जुई, रोहन व कोंडिवते या गांवांवर दरडी कोसळल्या आणि महाड तालुक्यांत दीडशेंहून अधिक माणसें मृत्युमुखीं पडलीं. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं महाडनजीक सावित्रीवरील १९२८ सालचा जुना पूल पुरांत वाहून गेला आणि त्याबरोबर दोन एस्टी गाड्या प्रवाशांसह नदींत गेल्या. २२ जुलै २०२१ रोजीं तळिये गांवावर डोंगर कोसळला. तेथें ऐंशींहून अधिक लोक गेले. हीं नांवें परमुलुखांतील नव्हेत. ज्या वाटांचें वर्णन वर केलें त्यांच्याच अंगाखांद्यावर तीं वसलेलीं आहेत.

दरड कोसळते ती कां? या भागांतील डोंगर काळ्या पाषाणाचे आहेत. पण हजारों वर्षांच्या ऊन-पावसानें त्या पाषाणाचा वरचा भाग कुजून त्याची जाड माती झालेली आहे. अतिवृष्टींत पाणी त्या मातींत मुरतें. मातीचें वजन वाढतें, आणि कणांमधील फटींत शिरलेल्या पाण्याचा दाब वाढून त्यांची एकमेकांवरील पकड सैल होते. खालच्या कातळापाशीं पाणी अडलें म्हणजे तेथें जणूं घसरगुंडीच तयार होते. अशा वेळीं पायथ्याची माती घरासाठीं, शेतासाठीं किंवा रस्त्यासाठीं कापलेली असली, तर उताराचा आधारच नाहींसा झालेला असतो. मग सगळा थर एकदम खालीं येतो. कोसळण्याआधीं डोंगर पुष्कळदां सूचना देतो. उतारावर चंद्रकोरीच्या आकाराची भेग पडते. सरळ वाढलेलीं झाडें किंवा विजेचे खांब एका बाजूस कलतात. घरांच्या भिंतींस व जोत्यांस नवे तडे जातात. जेथें कधीं पाणी नव्हतें तेथें झरा फुटतो, किंवा नितळ झरा एकाएकीं गढूळ होतो.

मोटारींतील माणसास यांतील कांहींच दिसत नाहीं. ताशीं साठ किलोमीटरांच्या वेगांत कलंडलेलें झाड हें इतर झाडांसारखेंच एक झाड असतें. पण चढावर सावकाश जाणारा, दम घेण्यासाठीं वळणावर थांबणारा मुलगा तें पाहूं शकतो, आणि तोच रस्ता पुन्हां पुन्हां आक्रमिणारा मुलगा तर गेल्या वर्षीं ती भेग नव्हती हेंहि सांगूं शकतो. यासाठीं प्रत्येकानें एक लहान वही जवळ ठेवावी. कोठें थांबलों, उतारावर काय दिसलें, झऱ्याचें पाणी कसें होतें, हें तारखेनिशीं लिहावें. संशयास्पद असें कांहीं आढळलें तर त्याच दिवशीं तेथील ग्रामपंचायतीस वा तलाठ्यास आणि घरीं आल्यावर वडील माणसांस सांगावें. मुलांचें बोलणें म्हणून तें कोणीं हंसण्यावारी नेलें तरी चालेल. सांगणें आपलें कर्तव्य आहे. मात्र स्वतः ताज्या कापलेल्या दरडीखालीं थांबूं नये, पाऊस सुरू झाल्यास घाटांत पुढें जाऊं नये, आणि पाण्याखालीं गेलेला पूल किंवा सांकव कोणत्याहि कारणास्तव ओलांडूं नये. सावित्रीच्या पात्रांत महाडच्या आसपास मगरी आहेत. कितीहि ऊन झालें तरी नदींत उतरण्याचा मोह आवरावा.

निवांतपणाविषयीं आणखी एक गोष्ट लक्षांत ठेवावयास हवी. जी वाट आपल्याला निवांत वाटते ती कोणाची तरी घरची वाट असते. वर्दळ नाहीं याचा अर्थ तेथें माणसें नाहींत असा नव्हे; मोटारी नाहींत इतकाच. त्या वाटेनें शाळेंत जाणारीं मुलें चालतात, लांकडाच्या मोळ्या येतात, आजाऱ्यास खालच्या दवाखान्यांत नेतात. वाडींत शिरतांना सायकलवरून उतरावें. ‘राम राम काका’, ‘नमस्कार मावशी’ असें म्हणून वाट विचारावी. ‘किती लांब आहे?’ असें विचारलें तर ‘हें काय, जवळच’ असें उत्तर मिळतें, आणि तें ‘जवळच’ पुष्कळदां दोन टेंकड्यांपलीकडे निघतें. म्हणून चालत किती वेळ लागतो हें विचारावें, त्याचें उत्तर बहुधा बिनचूक मिळतें. पाणी मागितलें तर पाण्याबरोबर गुळाचा खडा देणारीं घरें या मुलुखांत आहेत. त्या घराच्या अंगणांत कागद वा प्लॅस्टिकची पिशवी टाकून येणें हा कृतघ्नपणा होय. उन्हाळ्यांत पाणी लांबून आणावें लागतें अशा वाडीवर आपल्या बाटल्या भरून घेण्यापूर्वीं तेथें पाणी पुरेसें आहे काय हें विचारणें हें सौजन्य.

शेवटीं पालकांस दोन शब्द. मुलास सायकल देऊन डोंगरांत पाठविण्यास आईवडिलांचें मन धजत नाहीं, आणि तें स्वाभाविक आहे. परंतु धोका घरापासून दूर जाण्यांत असतो त्याहून अधिक तो अज्ञानांत व घाईंत असतो. मुलें तीन-चार जणांच्या गटानें जाऊं द्यावीं. कोणास इजा झाली तर एकानें जवळ थांबावें व दोघांनीं मदत आणावी इतकी संख्या असणें जरूर आहे. पहिल्या कांहीं फेऱ्यांस एखादें वडील माणूस बरोबर असावें. कोणत्या वाटेनें जाणार व किती वाजतां परतणार हें कागदावर लिहून घ्यावें, कारण डोंगरांच्या घळींत मोबाइल फोन पुष्कळदां चालत नाहीं. मुलींसहि ही संधि मुलांइतकीच मिळावी. चढाच्या गणितांत मुलगा-मुलगी असा भेद नाहीं. महाग सायकलीची जरूर नाहीं. चांगले ब्रेक, चांगले टायर व अंगाच्या मापाची चौकट असली म्हणजे पुरे.

आरंभ लहानच करावा. एखाद्या हिंवाळी सकाळीं वडील माणसाबरोबर दासगांवच्या बंदरापर्यंत जावें आणि भरतीची वेळ पाहून तासभर कांठावर बसावें. एके काळीं या पाण्यावर गलबतांची गर्दी होती हें आठवावें. मग पाठीमागच्या डोंगराकडे वळून पाहावें, आणि वहीच्या पहिल्या पानावर त्या डोंगराचें चित्र काढावें. झाडें कोठें आहेत, माती कोठें उघडी पडली आहे, घरें उताराच्या किती जवळ आहेत हें त्यांत दाखवावें. दर वर्षीं पावसाळा संपला कीं त्याच जागेवरून तें चित्र पुन्हां काढावें. अशीं पांच वर्षांचीं पांच चित्रें ज्या विद्यार्थ्यापाशीं जमतील त्यानें आपल्या गांवाची मोठीच सेवा केली असें होईल.